तीस वर्षांनी स्पेक्ट्रमकडे परतताना: आधी कॅसेट, मग वीज

प्रश्न थोडक्यात असा. उदगीरच्या जुन्या घरातल्या माळ्यावरून एक डीबी स्पेक्ट्रम प्लस, म्हणजे ऐंशीच्या दशकातला कॅसेटवरून प्रोग्राम भरणारा घरगुती संगणक, खाली काढलाय. सोबत मूळ अ‍ॅडॅप्टर, एक मोनो टेपरेकॉर्डर आणि बुटांच्या खोक्यात भरलेल्या कॅसेट. नव्वदीच्या सुरुवातीनंतर कशालाच हात लागलेला नाही. गावातल्या शाळेच्या कपाटात बीबीसी मायक्रो हा त्याच काळातला एक संगणकही पडून आहे. छंद पुन्हा धरायचा तर सुरुवात कुठून करायची, काय आणायचं, आणि मधल्या काळात काय बदललं?

पहिली गोष्ट, अ‍ॅडॅप्टर भिंतीत खोचू नका. 'बघू तरी चालतो का' या उत्सुकतेपायी जितकी यंत्रं मेली तितकी माळ्यावरच्या धुळीनं मेली नसतील. दुसरी गोष्ट, यंत्र तूर्त बाजूला ठेवा आणि कॅसेट हातात घ्या. स्पेक्ट्रमचं जवळपास सगळं आज नवं मिळतं: कीबोर्डची पटल (कळांखालचा पातळ थर), वरचा डबा, मेमरीचे पर्यायी बोर्ड, रिकामा मदरबोर्डसुद्धा. विकत घेतलेले गेमही जगात कुणीतरी कधीच जपून ठेवलेत. पण तुम्ही स्वतः बेसिक भाषेत लिहिलेला प्रोग्राम फक्त त्या एका फितीवर आहे. शिवाय ती वाचायला स्पेक्ट्रम लागतच नाही.

कॅसेट वाचवणं

मराठवाड्याची कोरडी हवा इथे तुमच्या बाजूनं आहे. कोकणातल्या कॅसेटवर पांढरी बुरशी हमखास सापडते, आपल्याकडे कमी. आपला शत्रू उष्णता. पत्र्याखालच्या माळ्यावर मे महिन्यात कॅसेटचं कवच वाकतं आणि फीत दाबून धरणाऱ्या गादीचा डिंक सुकून ती गळून पडते. प्रत्येक कॅसेट उजेडात धरून ती छोटी गादी जागेवर आहे का ते पाहा. नसेल तर एखाद्या टाकाऊ गाण्यांच्या कॅसेटमधली काढून बसवा. कवच स्क्रूचं असेल तर काम सोपं. चिकटवलेलं असेल तर फीतच स्क्रूच्या कवचात हलवा. फितीवर पांढरट भुकटी दिसली तर ती कॅसेट बाकीच्यांत मिसळू नका आणि चांगल्या डेकमध्ये तर मुळीच घालू नका.

तुमचा टेपरेकॉर्डर बहुतेक चालणार नाही, कारण आतला रबरी पट्टा इतक्या वर्षांत डांबरासारखा पाघळतो. तो पुली आणि फ्लायव्हीलवरून आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पूर्ण पुसून काढा आणि मग नवा बसवा. मेडिकलच्या स्पिरिटमध्ये पाणी असतं. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातून ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल मागून घ्या. त्याच अल्कोहोलनं, कानातल्या कापसाच्या काडीनं, हेड आणि पिंच रोलर पुसा. शक्य असेल तर कुणाकडचा तरी जुना चांगला स्टिरिओ डेक मिळवा. त्याची गती जास्त स्थिर असते.

वाजवण्याआधी प्रत्येक कॅसेट एकदा शेवटपर्यंत पुढे आणि एकदा मागे गुंडाळून घ्या. वर्षानुवर्षं एकाच ताणात बसलेली फीत आडवी-तिडवी सुटते, ती त्यानं सैल होते.

आता खरी मेख, हेडचा तिरपेपणा. हेडच्या एका बाजूला स्प्रिंगवर बसलेला छोटा स्क्रू असतो. कॅसेट ज्या रेकॉर्डरवर भरली त्याचा कोन आणि आता वाजवताय त्याचा कोन जुळला नाही, तर वरचे स्वर मरतात आणि डेटा वाचता येत नाही. कॅसेट सुरू करून डेटाच्या किरकिरीत हा स्क्रू अगदी थोडा, पाव फेऱ्याच्याही आत, इकडे-तिकडे फिरवा. आवाज जिथे सगळ्यात कडक, टोकदार लागेल तिथे थांबा. वेगवेगळ्या रेकॉर्डरवर भरलेल्या कॅसेटसाठी हे दरवेळी करावं लागतं. आधीची जागा मार्करनं टिपून ठेवा.

आवाज संगणकात घेताना लॅपटॉपच्या माइकच्या भोकात वायर घालू नका. तिथे आवाज 'सुधारणारी' यंत्रणा बसलेली असते आणि ती डेटा बिघडवते. लाइन-इन असलेलं यूएसबी साउंड कार्ड वापरा. ऑडॅसिटी या ध्वनिमुद्रणाच्या प्रोग्राममध्ये ४४१०० हर्ट्झ, १६ बिट, वेव्ह फाइल. एमपीथ्री नको. पातळी शिखराला −६ डेसिबलच्या आसपास ठेवा, माथे कापले गेले की संपलं. स्टिरिओ डेक असेल तर दोन्ही बाजू नोंदवा, पण मोनो करताना त्या एकत्र मिसळू नका. कोन जरासा चुकला असेल तर दोन बाजू एकमेकींच्या थोड्या मागे-पुढे असतात आणि मिसळल्यावर नेमके वरचे स्वर एकमेकांना खोडतात. त्यापेक्षा जी बाजू स्वच्छ, तीच घ्यायची.

बरोबर नोंदलंय का ते नजरेनंही कळतं. स्पेक्ट्रमच्या प्रत्येक भागाआधी सुमारे ८०७ हर्ट्झचा एकसुरी स्वर असतो, हेडरआधी जवळपास ५ सेकंद आणि डेटाआधी २ सेकंद. त्यानंतर शून्य म्हणजे सुमारे २०४७ हर्ट्झची एक लाट, आणि एक म्हणजे त्याच्या निम्म्या वारंवारतेची, १०२३ हर्ट्झची. ध्वनिलहर मोठी करून पाहिली की दोन रुंदीच्या लाटा स्पष्ट वेगळ्या दिसायला हव्यात. फ्यूज या एमुलेटरच्या, म्हणजे आजच्या संगणकावर स्पेक्ट्रमची नक्कल करणाऱ्या प्रोग्रामच्या, साधनसंचात ऑडिओटूटेप नावाचं साधन आहे, ते वेव्ह फाइलवरून एमुलेटरला वाचता येणारी टॅप किंवा टीझेडएक्स फाइल करून देतं. प्रत्येक भागाच्या शेवटी एक तपासणी बाइट असतो. तो जुळला नाही तर दुसऱ्या बाजूचं रेकॉर्डिंग वापरून फक्त तेवढा भाग पुन्हा काढा. सगळी कॅसेट परत करायची गरज नसते. मूळ वेव्ह फाइल मात्र कधीच पुसू नका. आज न वाचलेला भाग उद्याचं साधन वाचेल.

मधल्या काळात एमुलेटर

हे चालू असताना संध्याकाळी फ्यूज एमुलेटरवर हात बसवा. तो फुकट आहे. स्पेक्ट्रम बनवणाऱ्या सिंक्लेअरचा संगणक-धंदा १९८६ मध्ये अ‍ॅमस्ट्राडनं घेतला आणि पुढे एमुलेटरसोबत रॉम, म्हणजे यंत्रातला कायमचा प्रोग्राम, वाटायला परवानगी दिली, त्यामुळे त्या बाबतीत मनात शंका नको. पी दाबल्यावर प्रिंट उमटतं, जे दाबल्यावर लोड, ही सवय बोटांत परत यायला दोन संध्याकाळ पुरतात. काहींचं इथेच समाधान होतं, आणि त्यात कमीपणा काही नाही. ज्यांना फक्त खेळायचंय त्यांनी सोल्डरिंगच्या भानगडीत पडूच नये. नोव्हेंबर २०२४ मध्ये 'द स्पेक्ट्रम' नावाचं एचडीएमआयवर चालणारं नवं यंत्र आलंय, रबरी कीबोर्डसकट. त्याच्या आत एमुलेटरच आहे, पण टीव्हीला लावून पोरांसोबत बसायला ते चांगलं.

वीज

आता यंत्र. डीबी स्पेक्ट्रम म्हणजे पुण्याच्या डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सनं १९८६ पासून परवान्यावर विकलेला स्पेक्ट्रम प्लस. आत तोच झेड८० प्रोसेसर, ३.५ मेगाहर्ट्झ, ४८ के. त्यामुळे स्पेक्ट्रमबद्दल जगात जे लिहिलंय ते जवळपास सगळं तुम्हाला लागू पडतं. बोर्डावर 'इश्यू' क्रमांक छापलेला असतो तो आधी टिपा. मदत मागायची वेळ आली तर पहिला प्रश्न तोच येईल.

मूळ अ‍ॅडॅप्टर ९ व्होल्ट १.४ अँपियरचा, साधा ट्रान्सफॉर्मरवाला, आत व्होल्टेज स्थिर ठेवणारा रेग्युलेटर नाही. भार नसताना तो १२-१३ व्होल्ट दाखवतो, ते बिघाडाचं लक्षण नाही. अडचण वेगळीच आहे. भिंतीतलं व्होल्टेज वाढलं की याचंही त्याच प्रमाणात वाढतं. खेडेगावात शेतीपंप बंद झाले की २३० चं २६० होणं नवं नाही, म्हणजे तुमच्या यंत्राला थेट १३ टक्के जास्त. आणि घरातला इन्व्हर्टर जुन्या चौकोनी लहरीचा असेल तर त्यावर हा ट्रान्सफॉर्मर गुणगुणतो आणि तापतो. म्हणून मूळ अ‍ॅडॅप्टर आठवण म्हणून ठेवा आणि १०० ते २४० व्होल्टवर चालणारा, ९ व्होल्ट २ अँपियरचा नवा स्विचिंग अ‍ॅडॅप्टर घ्या. पिन ५.५ × २.१ मिलिमीटरची.

पण इथेच सगळ्यात मोठा खड्डा आहे. स्पेक्ट्रमला पिनच्या आत ऋण आणि बाहेर धन लागतं. राउटरपासून सेट-टॉप बॉक्सपर्यंत बाजारातले बहुतेक अ‍ॅडॅप्टर नेमके उलटे. बोर्डावर उलट जोडणीपासून बचाव करणारं काही नाही, एका क्षणात कमीत कमी ट्रान्झिस्टर आणि वाईट नशीब असेल तर मेमरीही जाते. गिटारच्या पेडलचे अ‍ॅडॅप्टर बहुधा आत ऋण असतात, पण त्यातले बरेच अर्ध्या अँपियरचेच. नाही तर राउटरचा ९ व्होल्टचा अ‍ॅडॅप्टर घेऊन वायर कापा आणि तारा उलट्या जोडा. काहीही केलंत तरी यंत्राला लावण्याआधी मीटरची लाल काडी पिनच्या आत आणि काळी बाहेर लावा. मीटरनं ९ च्या आधी उणे चिन्ह दाखवलंच पाहिजे.

९ व्होल्ट नियंत्रित दिल्याचा आणखी एक फायदा. बोर्डावरचा ७८०५ रेग्युलेटर उरलेलं व्होल्टेज उष्णतेत घालवतो. ०.७ अँपियर धरला तर १२ व्होल्टवर ४.९ वॅट आणि ९ व्होल्टवर २.८ वॅट. आपल्याकडे एप्रिल-मे मध्ये खोलीच ४० अंशांवर असते, तिथे हा फरक हाताला कळतो. ७८०५ च्या जागी त्याच तीन पायांचा स्विचिंग रेग्युलेटर बसवला तर पत्र्याचा हीटसिंक जवळपास थंड राहतो. तुम्ही उन्हाळ्यातही वापरणार असाल तर हा खर्च करावा.

उघडताना खालचे स्क्रू काढून वरचा भाग झटकन उचलू नका. कीबोर्डच्या दोन पारदर्शक पट्ट्या, एक पाच मार्गांची आणि एक आठ मार्गांची, बोर्डाला अडकलेल्या असतात. त्या इतक्या वर्षांनी काचेसारख्या तडकतात. दोन-तीन सेंटीमीटर उचला, पट्टी सॉकेटजवळ धरून सरळ वर ओढा. आत काय सापडेल सांगता येत नाही: कुंभारीण माशीनं मागच्या खाचेत केलेलं मातीचं घर, पालीची अंडी, उंदराची लघवी. शेवटचं सगळ्यात वाईट, कारण ती तांब्याचे मार्ग खाते. माती कोरडीच, मऊ ब्रशनं काढा. हिरवट डाग असेल तर अल्कोहोल आणि जुना टूथब्रश.

आता मीटर कंटिन्युइटीवर, म्हणजे दोन टोकं आतून जोडलेली आहेत का ते सांगणाऱ्या खुणेवर. खालच्या १६ के मेमरीच्या आठ चिप, आयसी६ ते आयसी१३, ४११६ जातीच्या आहेत आणि त्यांना तीन वेगळी व्होल्टेज लागतात. पाय १ वर −५, पाय ८ वर +१२, पाय ९ वर +५, आणि पाय १६ जमीन. बहुतेक चिपमध्ये शेवटचा पाय धन असतो, इथे तो जमीन आहे, म्हणून सवयीनं मोजाल तर फसाल. वीज न लावता १, ८ आणि ९ यांपैकी कोणताही पाय १६ शी शॉर्ट आहे का पाहा. शॉर्ट असेल तर पुढे जाऊ नका.

शॉर्ट नसेल तर कीबोर्ड न जोडता वीज लावा आणि लगेच त्याच पायांवर व्होल्टेज मोजा. +५ हे ४.७५ ते ५.२५ मध्ये हवं, बाकी दोन दहा टक्क्यांच्या आत. −५ गायब आणि +१२ हजर असेल तर तत्काळ बंद करा. ४११६ चिपला −५ शिवाय +१२ मिळालं की ती जळते, आणि स्पेक्ट्रम मरण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण हेच. दोन्ही गायब असतील तर संशय टीआर४ वर, झेडटीएक्स६५० ट्रान्झिस्टर. त्याच्यासोबत टीआर५ ही तपासा. टीआर४ आपणहून क्वचित जातो. एखादी मेमरी चिप शॉर्ट होऊन त्याला घेऊन जाते. कारण न शोधता नवा लावला तर तोही जातो, आणि मग दुकानदाराला नकली माल विकला म्हणून शिव्या बसतात.

इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर सगळेच बदला. आडव्या जातीचे, बहुतेक २२ मायक्रोफॅरडचे, थोडे १, ४.७ आणि १०० चे. २५ व्होल्ट किंवा वरचे घ्या, १०५ अंशांचे. आडवे मिळाले नाहीत तर उभे आडवे झोपवून चालतात. काढण्याआधी प्रत्येकाचा फोटो घ्या आणि जुना ज्या दिशेला बसला होता ती दिशा पाहा. बोर्डावरच्या छापील अधिक-उण्याच्या खुणेवर एकट्यावर विसंबू नका. चिप आणि कपॅसिटर नांदेड-लातूरकडच्यांना हैदराबादच्या कोटीतल्या गुजराती गल्लीत मिळतात. संभाजीनगर-जालनावाल्यांना पुण्याची बुधवार पेठ बरी पडते. २५ वॅटचं सोल्डरिंग आयर्न, ६०/४० चं बारीक सोल्डर आणि पंप एवढं पुरे. त्या काळच्या बोर्डावर जास्त वेळ उष्णता दिली की तांब्याची चकती उचलली जाते, म्हणून आधी थोडं नवं सोल्डर घालून मग ओढा. चिप काढायचीच असेल तर पाय कापून एकेक पाय वेगळा काढा, जाणार तर चिप जाऊ दे, बोर्ड नको. नवी चिप सॉकेटमध्येच बसवा.

पडदा काय सांगतो

चित्रासाठी जुना मार्ग म्हणजे अँटेनाची वायर आणि यूएचएफ चॅनल ३६. नव्या टीव्हीवर हा खटाटोप नको, सरळ कंपोझिट, म्हणजे टीव्हीच्या एव्ही भोकात जाणारं चित्र, करा. चंदेरी डब्याच्या म्हणजे मॉड्युलेटरच्या बाजूनं दोन तारा आत जातात, एक +५ ची आणि एक चित्राची. दोन्ही डब्यापासून सोडवा, +५ ची नीट झाकून ठेवा, डब्याच्या आतून सॉकेटच्या मधल्या पायाकडे जाणारा घटक सोडवा आणि चित्राची तार थेट त्या मधल्या पायाला जोडा. काही कापलं नाही तर उद्या पूर्ववत करता येतं. नव्या टीव्हीला गोल एव्ही भोकाऐवजी चार पट्ट्यांची ३.५ मिलिमीटरची पिन असते आणि त्यातली जमीन कुठल्या पट्टीवर हे कंपनीगणिक बदलतं. काळं-पांढरं किंवा हलणारं चित्र आलं तर यंत्राला दोष देण्याआधी वायर बदलून पाहा.

निरोगी यंत्र सुरू होताना क्षणभर काळपट होतं, मग पांढऱ्या पडद्यावर तळाला १९८२ ची सिंक्लेअरची ओळ येते. उभ्या रंगीत पट्ट्या किंवा चौकोनांचा गोंधळ कायम राहिला तर बहुतेक खालची मेमरी. अर्ध्या मिनिटानं बोट लावा, बाकीच्यांपेक्षा जी चिप चटका देते ती पहिली संशयित. ओळ आली म्हणजे सगळं ठीक असंही नाही. वरच्या ३२ के मध्ये दोष असेल तर यंत्र गुपचूप १६ के म्हणून सुरू होतं. प्रिंट पीक २३७३२ + २५६ * पीक २३७३३ टाका. ६५५३५ आलं तर पूर्ण ४८ के, ३२७६७ आलं तर वरचा भाग आंधळा. वरच्या चिप, आयसी१५ ते आयसी२२, ४५३२ जातीच्या म्हणजे अर्धी मेमरी सदोष निघालेल्या ४१६४. त्यामुळे बदली म्हणून पूर्ण ४१६४ चालते, फक्त ती १२८ सायकल रिफ्रेशची घ्या. ही मेमरी टिकवायला सतत ताजी करावी लागते आणि झेड८० चा हा रिफ्रेश सात बिटांचाच असतो, २५६ सायकलची चिप त्यावर डेटा विसरते.

प्रोसेसर क्वचित जातो. पण झायलॉगनं जुन्या झेड८० चं उत्पादन बंद करत असल्याचं २०२४ मध्ये जाहीर केल्यापासून पुसून नवं छापलेले माल खूप फिरतायत, एवढं ध्यानात असू द्या.

कीबोर्डचा दोष पद्धतशीर असतो. १, क्यू, ए, कॅप्स शिफ्ट, ०, पी, एंटर आणि स्पेस एवढ्याच कळा मेल्या असतील तर पाच मार्गांच्या पट्टीतला एक मार्ग तुटलाय. क्यू ते टी अशी पाचांची रांग मेली असेल तर आठच्या पट्टीतला. तडा टोकाला असेल तर कात्रीनं तीन-चार मिलिमीटर कापून एकदाच पुन्हा खोचता येतं. नंतर नवी पटलच घ्या. मागवताना 'प्लस'ची मागा, रबरी स्पेक्ट्रमची वेगळी असते.

लोड करणं

फोनवरून टॅप फाइल वाजवून लोड करता येतं, त्यासाठी अ‍ॅप आहेत. फोन विमान मोडवर, इक्वलायझर बंद, आवाज पूर्ण. तरीही अनेक फोनचा आवाज स्पेक्ट्रमच्या इअर भोकाला पुरत नाही. मग मध्ये छोटा अ‍ॅम्प्लिफायर लागतो. एलएम३८६ चा घ्या. दुकानदार स्वस्तातला पीएएम८४०३ पुढे करेल, तो घेऊ नका. त्याच्या दोन्ही बाहेरच्या तारांवर सिग्नल असतो, त्यातली एक जमिनीला लागली की तो शॉर्ट होतो. लोड करताना माइकची वायर काढा आणि सेव्ह करताना इअरची. हे जुनंच पथ्य आहे पण विसरलं जातं. ४८ के भरायला पाचेक मिनिटं लागतात.

रोज वापरायचं तर डिव्हएमएमसी जातीचं एसडी कार्डाचं जोडयंत्र घ्या, फॅट३२ केलेलं कार्ड घातलं की गेम सेकंदात. परदेशातून मागवताना कस्टमचा खर्च धरा. आणि मागच्या खाचेत काहीही घालताना-काढताना वीज बंद. चालू यंत्रात तिरपं गेलं तर ताजी दुरुस्ती तिथेच वाया.

शाळेतला बीबीसी मायक्रो

तो 'क्लास' या शाळांत संगणक नेणाऱ्या सरकारी प्रकल्पाचा असण्याची शक्यता मोठी. १९८४ पासून शाळांना बीबीसी मायक्रो मिळाले, आणि मोहालीच्या सेमिकंडक्टर कॉम्प्लेक्सनं त्याचंच एससीएल युनिकॉर्न हे भारतीय रूपही काढलं. याला हात लावण्याआधी मुख्याध्यापकांना डेडस्टॉक रजिस्टर काढायला सांगा. नोंद असेल तर निर्लेखन झाल्याशिवाय यंत्र शाळेबाहेर नेता येत नाही, 'भंगारात देणारच होतो, घेऊन जा' हे तोंडी सांगणं पुढच्या तपासणीत कुणाच्याच कामी येत नाही. शाळेतच दुरुस्त करून शाळेतच ठेवलं तर सगळा प्रश्न मिटतो.

यात वीजपुरवठा आतच असतो, थेट २३० व्होल्टचा, म्हणून अर्थिंग असलेला सॉकेटच हवा. आत पारदर्शक पिवळट कवचाचे दोन कागदी कपॅसिटर असतात, ०.१ आणि ०.०१ मायक्रोफॅरडचे. कवचाला तडे जातात, कागद ओल शोषतो, आणि वीज लावल्यावर दहा मिनिटांत धूर आणि घाणेरडा वास. सुरू करण्याआधी दोन्ही बदला, प्लास्टिक फिल्मचे, 'एक्स२' लिहिलेले, २७५ व्होल्ट एसीचे. साधा कपॅसिटर इथे लावायचा नाही. उघडण्याआधी वायर काढून थांबा आणि मोठ्या कपॅसिटरवर १० व्होल्टच्या खाली आल्याची मीटरनं खात्री करा. या कामाचा हात नसेल तर जवळच्या तंत्रनिकेतनातल्या लॅबमध्ये न्या, त्यांच्याकडे ऑसिलोस्कोपही असतो.

सुरू झाल्यावर एक जाडा स्वर आणि लगेच बारीक 'बीप' आला पाहिजे. जाडा स्वरच चालू राहिला तर प्रोसेसर धावत नाहीये. आधी सॉकेटमधल्या सगळ्या चिप अंगठ्यानं दाबून बसवा, तापणं-निवणं होऊन त्या वर सरकतात. निम्म्या वेळा तेवढ्यानं भागतं. चित्र बनवणाऱ्या व्हिडिओ यूएलए चिपवर हीटसिंक चिकटवा. कंपोझिटवर चित्र काळं-पांढरं येतं, रंगासाठी बोर्डावरची एस३९ कडी जोडावी लागते.

मराठी अक्षरं

पुन्हा काही लिहायचं मनात असेल तर देवनागरी करून पाहा. स्पेक्ट्रमची स्वतःची घडवायची चिन्हं २१ च, वर्णमालेला अपुरी. त्याऐवजी पूर्ण अक्षरसंच बदला: ९६ चिन्हं, प्रत्येकी ८ बाइट, एकूण ७६८. क्लिअर ६३९९९ देऊन वरची मेमरी राखून ठेवा, ६४००० पासून संच ठेवा, मग मेमरीत थेट आकडा लिहिणारी आज्ञा, पोक २३६०६,० आणि पोक २३६०७,२४९. इथे २४९ कारण हा निर्देशक संचाच्या २५६ बाइट आधी दाखवावा लागतो. मूळ अक्षरं परत हवी तर दुसऱ्या पोकमध्ये ६० घाला. शिरोरेषा सोपी जाते, ओळीचा बाइट २५५ ठेवला की शेजारची अक्षरं आपोआप जुळतात. अडतं ते मात्रांवर. ८ ठिपक्यांच्या उंचीत वेलांटी, अक्षर आणि उकार तिन्ही मावत नाहीत. एका अक्षराला वर-खाली दोन चौकटी द्या: वरच्या चार ओळी मात्रांना, पाचवी शिरोरेषा, पुढच्या आठ अक्षराला, शेवटच्या तीन उकारांना. पडद्यावर २४ ऐवजी १२ ओळी बसतात, आणि एका संचात ४८ अक्षरं. जोडाक्षरांसाठी दुसरा संच ६३००० च्या आसपास ठेवून तोच पोक बदलत राहायचा. फक्त संचाचा पत्ता २५६ च्या पटीत घ्या, म्हणजे पहिला पोक शून्यच राहतो: ६२९७६ घेतलात तर दुसऱ्या पोकमध्ये २४५, आणि मग वरचं क्लिअर ६३९९९ ऐवजी ६२९७५ करावं लागेल.